सौर पॅनल बसवले तर घरपट्टीत सवलत मिळते का? राहाता-शिर्डी परिसरातील शेतकऱ्यांसाठी माहिती

छतावर सौर पॅनल बसवून देणाऱ्याने तुम्हाला एक वाक्य नक्की ऐकवले असेल: "बसवा पाटील, घरपट्टीपण कमी होते." हे वाक्य पूर्ण खोटे नाही आणि पूर्ण खरेही नाही. पुण्यात घर असेल तर त्यात तथ्य आहे. राहाता तालुक्यातल्या एखाद्या गावात पेरूच्या बागेशेजारी घर असेल, तर बहुतेक वेळा नाही. शिर्डीत चार खोल्या बांधून भाविकांना भाड्याने देत असाल, तर उत्तर नगरपरिषदेच्या ठरावावर अवलंबून आहे. म्हणून घरपट्टीतली सवलत गृहीत धरून कर्जाचा आकडा ठरवू नका. आधी हे गणित नीट समजून घ्या.

घरपट्टी कोणाकडे भरता, ते आधी पाहा

महाराष्ट्रात घरपट्टी राज्य सरकार वसूल करत नाही, स्थानिक संस्था करते. गावात ग्रामपंचायत (१९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम), शिर्डी, राहाता, कोपरगाव, संगमनेर, श्रीरामपूर अशा गावांत नगरपरिषद (१९६५ चा अधिनियम), आणि अहिल्यानगर शहरात महानगरपालिका. त्यामुळे "महाराष्ट्रात सौरऊर्जेला घरपट्टीत इतके टक्के सूट" असा एकच आकडा कोणी सांगत असेल तर तो चुकीचा आहे. सूट द्यायची की नाही, किती द्यायची आणि कोणत्या अटींवर, हे त्या त्या संस्थेकडे ठरते.

आपल्या भागात अनेकांची मालमत्ता दोन ठिकाणी असते. राहते घर गावात, म्हणजे ग्रामपंचायतीत, आणि एखादा गाळा किंवा लॉज शिर्डीच्या हद्दीत. दोन्हींची पावती वेगळी, नियम वेगळे, वीजजोडणीचा प्रकारही वेगळा. पुढचे सगळे वाचताना कोणत्या इमारतीबद्दल विचार करतो आहोत, हे डोक्यात पक्के ठेवा.

सवलत असते तिथे ती नेमकी कशावर मिळते

पुणे महानगरपालिकेचे उदाहरण सगळ्यात जुन्या आणि चालत्या उदाहरणांपैकी आहे. तिथे सौरऊर्जा, पावसाच्या पाण्याचे संकलन आणि गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर ५ टक्के, दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के सूट मिळते. पण ही सूट पूर्ण बिलावर नसते, बिलातल्या 'सामान्य करा'वर असते. पाणीपट्टी, सफाई, वृक्षकर, शिक्षणकर हे सगळे जसेच्या तसे राहतात. यंत्रणा चालू आहे की नाही याची पाहणी होते, आणि ती बंद पडलेली आढळली तर सूट काढून घेतली जाते.

एक साधे उदाहरण करून पाहू. समजा, एका घराचे वर्षाचे एकूण बिल १२,००० रुपये आहे आणि त्यात सामान्य कर ६,००० रुपये. ५ टक्के म्हणजे ३०० रुपये. वर्षाला. महिन्याला पंचवीस रुपये. शिर्डीतल्या एखाद्या मोठ्या लॉजचे बिल ६०,००० आणि सामान्य कर ३०,००० धरला तरी ५ टक्क्यांनी हातात येतात १,५०० रुपये. मिळत असतील तर सोडू नका, पण दीड-दोन लाखांची यंत्रणा या रकमेसाठी कोणी बसवू नये.

गावातली गंमत तर वेगळीच आहे. ग्रामपंचायतीत वर्षाची घरपट्टी ३० सप्टेंबरपूर्वी पूर्ण भरली तर ५ टक्के सूट मिळते. तुमच्या मागणी बिलावर ही अट छापलेली असते, ती वाचा. म्हणजे जे ५ टक्के मिळवायला पुण्याच्या माणसाला छतावर पॅनल चढवावे लागतात, तेवढेच तुम्हाला नुसते वेळेवर पैसे भरून मिळतात. तरी आपल्याकडे बहुतेक जण मार्च उजाडेपर्यंत थांबतात.

परदेशात याला जास्त वजन आहे, ते का, हेही पाहण्यासारखे आहे. न्यूयॉर्क शहरात २००८ पासून सौर यंत्रणेवर मालमत्ता करात वजावट मिळते. २०२४ पासून यंत्रणेच्या खर्चाच्या ३० टक्के रक्कम चार वर्षांत, दरवर्षी ७.५ टक्के, करातून वजा होते. वर्षाला जास्तीत जास्त ६२,५०० डॉलर. तिथे सूट कराच्या टक्क्यात नाही, यंत्रणेच्या खर्चाच्या टक्क्यात मोजली जाते. म्हणून ती मोठी असते. शिवाय तिथली घरपट्टीच मुळात डोळे पांढरे करणारी. कॅलिफोर्नियात दुसरा मार्ग आहे: वजावट नाही, पण सौर यंत्रणेमुळे घराची किंमत वाढली तरी ती वाढ करासाठी धरत नाहीत. परदेशातले व्हिडिओ पाहून "सोलरवर टॅक्स क्रेडिट" ऐकले असेल. आपल्याकडे ते लागू नाही.

पॅनलमुळे घरपट्टी उलट वाढेल का?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, पण माझ्या मते सवलतीपेक्षा हा जास्त महत्त्वाचा आहे. २०१५ च्या सुधारित नियमांनंतर ग्रामपंचायत भांडवली मूल्यावर कर आकारते. जागेचे क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा दर, अधिक बांधकामाचे क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा, या सगळ्याला वापराच्या भारांकाने गुणायचे. निवासी वापराचा भारांक १ असतो, वाणिज्य वापराचा त्याहून जास्त. या सूत्रात तुमच्या पॅनलना जागाच नाही. छतावर लोखंडी सांगाडा ठोकून पॅनल बसवले म्हणून बांधकामाचे क्षेत्रफळ वाढत नाही आणि घरपट्टीही वाढत नाही.

गडबड होते ती उंच सांगाड्यामुळे. वाळवण करायला, पाण्याची टाकी झाकायला, गाडी लावायला सोयीचे म्हणून बरेच जण आठ-दहा फूट उंच सांगाडा करून घेतात. इथपर्यंत ठीक आहे. पुढे पावसाची झड येते म्हणून बाजूने पत्रे लागतात, मग एक दार, मग आत कांदा किंवा सोयाबीनची पोती. आता ती खोली झाली. पुढच्या फेरआकारणीत ती मोजली गेली तर दोष पॅनलचा नाही. नगरपरिषदेच्या हद्दीत तर असा उंच सांगाडा उभा करण्याआधी बांधकाम विभागात विचारलेले बरे. आकारणीचा प्रश्न नंतर येतो, परवानगीचा आधी.

दुसरी गोष्ट वापराची. घर निवासी म्हणून नोंदलेले आणि वरच्या दोन खोल्या भाविकांना, असे शिर्डीच्या पंचक्रोशीत सर्रास आहे. सूट मागायला अर्ज केला की पाहणीला माणूस येतो. तो पॅनल बघेल आणि खोल्याही बघेल. तीनशे रुपयांची सूट मागताना वापराचा भारांक बदलून घेऊ नका. आधी नोंद दुरुस्त करा, मग अर्ज करा.

आपल्या गावात सवलत नसेल तर मागता येते का?

मागता येते, आणि मागायला आता एक चांगला आधारही आहे. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मोफत वीज योजनेत स्थानिक संस्थांसाठी प्रोत्साहन ठेवले आहे. हद्दीतल्या छतावर बसलेल्या प्रत्येक सौर यंत्रणेमागे ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेला १,००० रुपये. गावात शंभर घरांवर पॅनल बसले तर एक लाख. शिवाय प्रत्येक जिल्ह्यात एक आदर्श सौरग्राम निवडून त्याला एक कोटी रुपये द्यायची तरतूद आहे. स्पर्धेत उतरायला गावाची लोकसंख्या ५,००० च्या वर लागते. राहाता तालुक्यातली काही गावे या अटीत सहज बसतात. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून पुढे आली. ती तर जेमतेम शंभर घरांची वाडी आहे.

तेव्हा ग्रामसभेत प्रश्न असा विचारा: आपल्या गावात किती घरांवर यंत्रणा बसल्या, त्यापोटी किती प्रोत्साहन आले, आणि त्यातून सौर घरांना घरपट्टीत काही देता येईल का? ग्रामपंचायतीच्या करदराला शासनाने किमान आणि कमाल मर्यादा घालून दिलेली असते, त्यामुळे ठराव केला आणि सूट सुरू झाली इतके ते सोपे नाही. सूट कोणत्या नियमाखाली देता येईल आणि पंचायत समितीची मान्यता लागेल का, याचे लेखी उत्तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) घ्या. सूट जमत नसेल तर त्याच पैशातून शाळेच्या छतावर किंवा पाणीपुरवठ्याच्या विहिरीवर पॅनल बसवा, असा ठराव मांडा. पाणीपुरवठ्याचे वीजबिल कमी झाले तर पाणीपट्टी वाढवायचे कारण उरत नाही, आणि तो फायदा पॅनल न परवडणाऱ्या घरालाही मिळतो. मला विचाराल तर हाच ठराव जास्त न्याय्य आहे.

नगरपरिषदेत वाट थोडी वेगळी. कर विभागात जाऊन "सौरऊर्जा प्रकल्पासाठी मालमत्ता करात सवलतीचा ठराव आहे का, असल्यास त्याची प्रत द्या" असा साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी उत्तरावर विसंबू नका. टेबलावरचा माणूस बदलला की उत्तर बदलते. नवीन आकारणीची नोटीस आली असेल तर हरकतीची मुदत नोटिशीतच लिहिलेली असते. ती गेली की पुढची फेरआकारणी येईपर्यंत थांबावे लागते.

मग खरा फायदा कुठे आहे?

शिर्डीतच त्याचे उत्तर आहे. साई संस्थानच्या प्रसादालयाच्या छतावर २००९ मध्ये ७३ मोठ्या तबकड्या बसवल्या, प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या. सूर्याच्या उष्णतेवर वाफ तयार करून त्यावर हजारो भाविकांचा स्वयंपाक करायची ही व्यवस्था. खर्च सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये आला आणि त्यातले सुमारे ५८ लाख केंद्राच्या अनुदानातून मिळाले. वर्षाला सुमारे एक लाख किलो गॅस वाचेल, असा हिशेब तेव्हा मांडला होता. तिथे गणित दोनच गोष्टींवर उभे होते: सुरुवातीचे अनुदान आणि रोज वाचणारे इंधन. घरच्या पॅनलचेही तसेच आहे.

घरगुती जोडणीला पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८,००० रुपये अनुदान आहे. नीट बघा: पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,०००, पण तिसऱ्याला फक्त १८,०००, आणि चौथ्याला काहीच नाही. विक्रेता मात्र सगळ्यांना तीनच किलोवॅट सुचवतो. तुमचे मागच्या बारा महिन्यांचे बिल समोर घ्या. आपल्या भागात एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास वीज देतो. महिन्याला १५० युनिट, म्हणजे रोज पाच युनिट लागत असतील, तर दीड-दोन किलोवॅट पुरे. महिन्याला ३०० युनिट जात असतील तरच तीन किलोवॅटचा विचार करा. जास्तीची वीज महावितरणकडे जमा राहते आणि तुमच्या पुढच्या बिलांतून वळती होते, पण ३१ मार्चला हिशेब बंद होतो आणि उरलेल्या युनिटचा मोबदला तुम्ही वीज घेता त्या दराने मिळत नाही. वीज विकून पैसे कमावू, या आशेने मोठी यंत्रणा घेणाऱ्यांची इथे निराशा होते.

तीन किलोवॅटची यंत्रणा वर्षाला ४,००० ते ४,४०० युनिट देते. ती सगळी तुम्ही वापरत असाल आणि बिलात सरासरी युनिट ८ रुपयांना पडत असेल, तर वर्षाला ३२,००० रुपये वाचतात. आता आधीचे ३०० रुपये आठवा. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो (१०० युनिटपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, पुढे आणखी जास्त), त्यामुळे सौर वीज सगळ्यात आधी वरच्या, महाग टप्प्यातले युनिट कापते. ज्याचे बिलच १०० युनिटच्या आत आहे, त्याची बचत म्हणून कमी. अशा घरांसाठी राज्याने केंद्राच्या अनुदानावर वेगळी मदत जोडली आहे. महावितरणच्या कार्यालयात त्याची चौकशी करूनच पुढे जा.

अनुदान आधी मिळत नाही. यंत्रणा बसते, नेट मीटर लागतो, तपासणी होते, मग पैसे थेट बँक खात्यात येतात. तोपर्यंत पूर्ण रक्कम तुमची किंवा कर्जाची. तीन किलोवॅटपर्यंत विनातारण कर्ज मिळते. विक्रेता राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला हवा आणि पॅनल भारतात बनलेल्या सेलचेच हवेत, नाहीतर अनुदान अडकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुने दरपत्रक कोणी पुढे केले तर नवीन मागा.

लॉज, गाळा, गोठा आणि पंप

वरचे अनुदान फक्त घरगुती जोडणीला आहे. शिर्डीतल्या लॉजची जोडणी वाणिज्यिक असते, तिला ते मिळत नाही. तरी वाणिज्यिक दर महाग असल्याने प्रत्येक युनिटमागे बचत जास्त होते. शिवाय हिशेबाची पुस्तके ठेवून आयकर भरत असाल तर सौर यंत्रणेवर ४० टक्के घसारा मिळतो. यंत्रणा त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर पहिल्या वर्षी निम्मा. म्हणून ऑक्टोबरच्या आधी चालू केलेली बरी. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत विवरणपत्र भरणाऱ्याला हा घसारा वेगळा घेता येत नाही, एवढे तुमच्या सल्लागाराला विचारून घ्या.

शेतीपंपाचे गणित पुन्हा निराळे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून बळीराजा मोफत वीज योजनेत बिल नाही, त्यामुळे तिथे सौरऊर्जेने बिल वाचायचा प्रश्नच नाही. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत १० टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के) हिस्सा भरून पंप घेतला तर मिळते ती दिवसाची वीज. रात्री बारा वाजता उसाला किंवा गव्हाला पाणी द्यायला उठणाऱ्याला, बिबट्याच्या भीतीने बॅटरी घेऊन बांधावर उभे राहणाऱ्याला, याची किंमत रुपयांत सांगायची गरज नाही.

जमीन सौर प्रकल्पाला भाड्याने देताना

घरपट्टीच्या निमित्ताने हाही करप्रश्न सांगितलाच पाहिजे, कारण इथे रक्कम मोठी आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची सुरुवात आपल्याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीच्या पथदर्शी प्रकल्पातून झाली. योजनेच्या २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला किमान १,२५,००० रुपये, म्हणजे एकरी सुमारे ५०,००० रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. प्रकल्प ज्या ग्रामपंचायतीत होतो तिला वर्षाला ५ लाख, असे तीन वर्षे मिळतात.

पण हे भाडे शेती उत्पन्न नाही. जमीन सातबाऱ्यावर तुमच्या नावे आहे, तरी तिच्यावर पीक उभे नाही, त्यामुळे या भाड्याला शेती उत्पन्नाची करमाफी लागू होत नाही. पाच एकरांचे अडीच लाख रुपये येणार असतील तर ते विवरणपत्रात दाखवावेच लागतील, आणि घरात दुसरे करपात्र उत्पन्न असेल तर त्यात मिसळून कर लागेल. करार करताना अकृषिक आकार, स्थानिक कर आणि नोंदणीखर्च कोण भरणार, हे कलम स्पष्ट लिहून घ्या. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे तलाठी) इतर हक्कात काय नोंद होणार, तेही विचारा. त्या गटावर पीककर्ज उचललेले असेल तर आधी बँकेत किंवा सोसायटीत जा. पेरू किंवा द्राक्षाची धरती बाग काढून जमीन देऊ नका. ही योजना मुरमाड, पडीक, पाणी न चढणाऱ्या जमिनीसाठी चांगली आहे.

अर्जाची तयारी

तुमच्या हद्दीत सवलतीचा ठराव असेल, तर अर्ज एप्रिलमध्ये बिल निघण्याआधी द्या, कारण निघालेले बिल मागून दुरुस्त करून घेताना चपला झिजतात. चालू वर्षापर्यंतची थकबाकी आधी मिटवा. अर्जासोबत मालमत्ता क्रमांक असलेली पावती (गावात नमुना ८ चा उतारा), महावितरणचे नेट मीटर लागल्याचे पत्र, विक्रेत्याचे जीएसटी बिल, पॅनलचे छायाचित्र आणि नेट मीटरनंतरचे एक-दोन महिन्यांचे वीजबिल जोडा. वीजबिलावर निर्यात युनिट छापलेले असतात. यंत्रणा चालू असल्याचा त्याहून चांगला पुरावा नाही. मालमत्ता वडिलांच्या नावावर आणि वीजमीटर भावाच्या, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. तो आधी सोडवा, नाहीतर घरपट्टीची सूटच नाही, ७८,००० चे अनुदानही लटकेल.

पाहणीच्या वेळी यंत्रणा चालू दिसायला हवी, म्हणून शेवटी देखभालीबद्दल. ऊसतोडीच्या हंगामात जळालेल्या पाचटाची काजळी आणि उन्हाळ्यातली धूळ काचेवर बसली की वीज घटते. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी काच थंड असताना धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरलेत तर ठिबकच्या तोट्यांत जमतो तसाच पांढरा थर काचेवर जमेल, आणि तो ॲसिडने काढायला जाऊ नका. पावसाचे साठवलेले किंवा फिल्टरचे पाणी, मऊ फडके आणि लांब दांडा, एवढे पुरे.